घरोघरी फिजिओथेरपी : एका व्यवसायाची उभारणी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एखादी संस्था पन्नास वर्षे अखंड चालवणे ही सोपी गोष्ट नाही. आपल्या ट्रस्टने हा टप्पा गाठला, त्याबद्दल सर्व आजी-माजी विश्वस्तांचे आणि कार्यकर्त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करते. या व्याख्यानमालेत मला आपले अनुभव मांडण्याची संधी दिलीत, याबद्दल आपली ऋणी आहे.

विषय ठरवताना विश्वस्तांनी माझ्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. आपल्या समाजातील बरीच मुले-मुली आज फिजिओथेरपीचे, म्हणजेच भौतिकोपचाराचे शिक्षण घेत आहेत आणि पदवीनंतर काय करावे, असा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. दुसरीकडे, शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेली वडीलधारी माणसे अनेक घरांत आहेत आणि त्यांना दवाखान्यात न्यायचे कसे, हा प्रश्न त्या घरांपुढे आहे. या दोन प्रश्नांची गाठ घालून द्यावी, अशी विश्वस्तांची सूचना होती. मी सांगली-मिरज परिसरात अनेक वर्षे रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करते. त्यामुळे आज मी दोघांशीही बोलणार आहे. हा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या तरुणांशी आणि उद्या ज्यांच्या दारात असा फिजिओथेरपिस्ट उभा राहील त्या कुटुंबांशी.

आरंभीच माझ्या बोलण्याचे सार सांगून टाकते. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टमुळे रुग्णाची दवाखान्याची खेप वाचते, हा या सेवेचा लहानसा उपयोग आहे. रुग्णाला त्याच्याच घरात, त्याच्याच न्हाणीघरात आणि पायऱ्यांवर पुन्हा आपल्या बळावर वावरायला शिकवणे हा तिचा खरा हेतू आहे. हे शिकवून झाले की उपचारकाने तेथून निघावे. जो व्यवसाय पहिल्या दिवसापासून या निघण्याची तयारी ठेवून उभारला जातो तो प्रतिष्ठेने टिकतो, असा माझा अनुभव आहे.

गरज का निर्माण झाली

आपल्या देशात भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण सुरू होऊन सात दशके उलटली. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची पहिली शाळा निघाली आणि १९५५ मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स ही संघटना स्थापन झाली. मात्र बराच काळ ही विद्या मोठ्या रुग्णालयांच्या एखाद्या विभागापुरतीच राहिली. रुग्ण महिना-महिना रुग्णालयात असे, त्यामुळे चालण्याचे शिक्षणही तेथेच होत असे.

आता परिस्थिती पालटली आहे. गुडघ्याचे सांधेरोपण झालेला रुग्ण बहुधा चार-पाच दिवसांत घरी येतो. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या आजींनाही फार दिवस ठेवून घेत नाहीत. हे योग्यच आहे. परंतु शस्त्रक्रिया संपते तेथून पुढचे निम्मे काम घरी येऊन पडते आणि ते कोणी करायचे, हे ठरलेले नसते. त्यात ज्येष्ठांची संख्या वाढते आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात ६० वर्षांवरील व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण जवळजवळ १० टक्के होते. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी आणि गावच्या घरात दोन वृद्ध जीव, असे चित्र आपल्या समाजातही आहे.

आपल्याकडे आजारी माणसाविषयी एक प्रेमळ गैरसमज आहे, तो म्हणजे 'पूर्ण विश्रांती'. मोडलेल्या हाडाला किंवा थकलेल्या हृदयाला डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती आवश्यक आहेच. पण त्यापलीकडची विश्रांती शरीराला महागात पडते. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले, तेव्हा त्यांच्या पायांच्या स्नायूंचे वजन सरासरी सुमारे एक किलोने घटल्याचे आढळले. ही तर निरोगी माणसे होती! आजाराने आधीच क्षीण झालेल्या माणसाचे काय होत असेल, याची आपण कल्पना करू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे आणि पक्षाघातानंतरचे पहिले काही आठवडे अमोल असतात. पक्षाघातात सुधारणेचा सर्वाधिक वेग साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत असतो. पुढेही सुधारणा होते, परंतु तिची गती मंदावते. 'थोडे बरे वाटू दे, मग व्यायाम सुरू करू' असे म्हणता म्हणता हाच काळ निघून जातो.

घर काय मागते

दवाखान्यातील फरशी सपाट असते, प्रकाश भरपूर असतो आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे असतात. तेथे रुग्ण वीस पावले चालला की आपण आनंदतो. पण सांगलीच्या गावभागातील एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. माजघराचा उंबरठा वीतभर उंच, चौकात उतरायला तीन दगडी पायऱ्या, चौकाच्या पलीकडे शौचालय आणि वाटेत ओली शहाबादी फरशी. त्या घरातील आजींना वीस पावले येऊन भागत नाही. त्यांना उंबरठा ओलांडता आला पाहिजे, रात्री दोन वाजता दिव्याचे बटण हाताला लागले पाहिजे आणि शौचालयात बसून परत उठता आले पाहिजे. हे सारे शिकवायचे तर त्याच उंबरठ्यावर, त्याच पायऱ्यांवर शिकवावे लागते.

कोणत्याही रुग्णाला मी पहिल्या दिवशी विचारते, 'आपल्याला सर्वांत आधी काय जमायला हवे?' गुडघा किती अंशांत वाकावा, असे उत्तर कोणीही देत नाही. बहुतेकांचे उत्तर एकच असते, 'मला कुणाच्या आधाराशिवाय शौचाला जाता यावे.' माणसाची प्रतिष्ठा तेथे गुंतलेली असते. मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एखाद्या गृहस्थांना उजवा हात लुळा पडल्यावर पेढीवर जाऊन बसायचे असते, स्वतः सदऱ्याची बटणे लावायची असतात. एखाद्या भगिनीला सामायिकासाठी बसायचे असते. सांधेरोपणानंतर मांडी घालणे वर्ज्य असेल तर खुर्चीवर बसून ते कसे साधेल, हे तिला समजावून सांगावे लागते आणि तिच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे मतही घ्यावे लागते. उपवासाच्या दिवशी व्यायाम हलका ठेवावा लागतो. रुग्ण मधुमेही असेल आणि इन्शुलिन घेत असेल, तर उपवासापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगावे लागते. घरचा दिनक्रम ठाऊक असल्याखेरीज ही कोणतीच गोष्ट दवाखान्यातील खोलीत लक्षात येत नाही.

उपचार माणसाच्या राहणीशी जुळला पाहिजे, याचे भारतातील सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे जयपूर फूट. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा हा कृत्रिम पाय घडवला. परदेशी पायाला बूट लागत असे आणि तो लावून उकिडवे बसता येत नसे. जयपूरचा पाय लावून आपला शेतकरी अनवाणी चालू शकतो, उकिडवा बसू शकतो, मांडी घालू शकतो, चिखलात उतरू शकतो. १९७५ मध्ये श्री. डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय गरजूंना विनामूल्य मिळू लागला. या मंडळींनी रुग्ण जमिनीवर कसा जगतो हे आधी पाहिले आणि मग पाय बनवला. घरी जाऊन उपचार करणाऱ्या प्रत्येकाने हा धडा मनात ठेवावा.

पात्रता आणि पिशवी

आता तरुण मित्रमैत्रिणींसाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगते. पहिली गोष्ट नोंदणीची. महाराष्ट्राने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेसाठी २००२ मध्ये कायदा केला. पुढे २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात फिजिओथेरपीचा समावेश झाला. पदवी आणि नोंदणी या दोन्हींशिवाय कोणाच्या दारात पाऊल टाकू नये. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवावी आणि कुटुंबाने मागण्यापूर्वीच दाखवावी. कुटुंबांनीही ती मागण्यात संकोच करू नये. मालीश करणारा आणि फिजिओथेरपिस्ट यांत फरक आहे. ताज्या शस्त्रक्रियेवर किंवा ठिसूळ हाडांवर अजाण हाताने केलेले मालीश घातक ठरू शकते.

दुसरी गोष्ट अनुभवाची. पदवी मिळताच एकट्याने घरोघरी फिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-तीन वर्षे रुग्णालयात काढावीत, त्यातही अस्थिरोग, मज्जासंस्था आणि अतिदक्षता या विभागांत. रुग्णालयात एखाद्याची प्रकृती अचानक बिघडली तर हाक मारायला शेजारी डॉक्टर असतात. घरात आपण एकटे असतो. त्या क्षणी काय करावे, हे अंगवळणी पडलेले असावे लागते. आपल्या भागाला या बाबतीत मोठा वारसा आहे. मिरजेत वान्लेस रुग्णालयाची सुरुवात १८९४ मध्ये झाली आणि तेव्हापासून हे गाव वैद्यकीय सेवेसाठी ओळखले जाते. अनुभव घेण्यासाठी येथील तरुणांना दूर जाण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट भांडवलाची. या व्यवसायाला भांडवल कमी लागते. एक दुचाकी आणि एक पिशवी पुरते. पिशवीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, स्टेथोस्कोप, सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर, मोजपट्टी, वेगवेगळ्या ताणांचे रबरी पट्टे, रुग्णाच्या कमरेला बांधायचा आधारपट्टा आणि हात स्वच्छ करण्याचे द्रावण असावे. वेदनाशमनासाठी टेन्सचे लहान यंत्र ठेवता येते. पण हृदयात पेसमेकर बसवलेल्या रुग्णाला ते लावू नये. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल तर गरम शेकही देऊ नये, कारण त्वचा भाजली तरी रुग्णाला कळत नाही. कर्ज काढून मोठी यंत्रे घेण्याच्या फंदात पडू नका. घरातील भक्कम खुर्ची, पायरी, भिंत आणि पाण्याची भरलेली बाटली यांवर निम्म्याहून अधिक व्यायाम होतात. शिवाय आपण गेल्यावर रुग्णाजवळ उरतात त्या याच वस्तू.

वेळ, अंतर आणि शुल्क

या व्यवसायाचे गणित अंतरावर उभे असते. एका भेटीला ४५ मिनिटे लागतात आणि एका घरातून दुसऱ्या घरी जायला सरासरी २५ मिनिटे धरली, तर एका रुग्णामागे ७० मिनिटे जातात. सहा रुग्ण म्हणजे ४२० मिनिटे, अर्थात पूर्ण सात तास. यापेक्षा अधिक भेटी घेणारा एकतर घाई करतो किंवा स्वतःची पाठ मोडून घेतो. दवाखान्यात बसणारा याच वेळात पुष्कळ अधिक रुग्ण पाहू शकतो. म्हणून घरच्या भेटीचे शुल्क दवाखान्यापेक्षा जास्त असणे स्वाभाविक आहे. हा फरक प्रवासाच्या वेळेचा आहे, हे कुटुंबाला पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावे.

आरंभी साऱ्या शहरातून येणारी बोलावणी स्वीकारण्याचा मोह होतो. सकाळी कुपवाड, दुपारी हरिपूर, संध्याकाळी मिरज असे फिरले तर मिळकत पेट्रोलमध्ये आणि उमेद रस्त्यावर संपते. त्यापेक्षा भाग वाटून घ्यावेत. सकाळी गावभाग आणि खणभाग, संध्याकाळी विश्रामबाग अशी आखणी करावी. भागाबाहेरचा रुग्ण असेल तर त्या भागातील सहव्यावसायिकाकडे पाठवावा. आज आपण पाठवलेला रुग्ण उद्या दुसऱ्या रूपाने परत येतो.

शुल्काबाबत माझे चार नियम आहेत. शुल्क आधी सांगावे, शक्यतो लेखी द्यावे. महिनाभराचे पैसे आगाऊ घेऊन रुग्णाला बांधून ठेवू नये. रुग्ण पाठवल्याबद्दल कोणाला दलाली देऊ नये आणि कोणाकडून घेऊ नये. 'कट' देणाऱ्याला ती रक्कम अखेर रुग्णाकडूनच काढावी लागते, मग भेटींची संख्या विनाकारण वाढू लागते. चौथा नियम सर्वांत कठीण आहे. रुग्ण रिक्षाने दवाखान्यात जाण्याइतका सुधारला, की त्याला तसे सांगावे.

आपली ओळख डॉक्टरांकडे करून द्यायची ती कामाने. प्रत्येक रुग्णाच्या डॉक्टरांना पंधरा दिवसांनी एक पानी अहवाल पाठवावा. आरंभी काय जमत होते, आता काय जमते आणि कोणती शंका आहे, एवढेच त्यात असावे. असा अहवाल पाठवणाऱ्याला वेगळ्या जाहिरातीची गरज भासत नाही.

पहिली भेट

पहिल्या भेटीत व्यायामापेक्षा निरीक्षण अधिक करावे. रुग्णालयाचे कागद वाचावेत, औषधे पाहावीत, रक्तदाब आणि नाडी मोजावी. मग रुग्णाची क्षमता मोजावी. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक सोपी चाचणी जगभर वापरली जाते. खुर्चीतून उठायचे, ३ मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे आणि याला किती सेकंद लागले ते पाहायचे. वृद्ध व्यक्तीला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका गृहीत धरून सावध व्हावे. दर पंधरा दिवसांनी हीच चाचणी घेऊन आकडा वहीत लिहावा. २८ सेकंदांचे २० सेकंद झाले, हे दिसले की रुग्णाचा हुरूप वाढतो आणि कुटुंबाचा विश्वासही.

त्यानंतर घर पाहावे. पलंगापासून शौचालयापर्यंत रुग्णाबरोबर किंवा रुग्णाच्या वाटेने आपण स्वतः चालून पाहावे. सैल पायपुसणे, वाटेतून गेलेली वायर, घसरती चप्पल, अपुरा उजेड या गोष्टी त्याच दिवशी हटवाव्यात किंवा दुरुस्त कराव्यात. कमोडशेजारी भिंतीत पक्की दांडी बसवणे हा अल्प खर्चाचा, पण अतिशय मोलाचा उपाय आहे. टॉवेल अडकवायची नळी त्यासाठी चालत नाही. माणसाचे वजन पडले की ती उखडते.

कुटुंबियांनी आणि उपचारकांनी काही धोक्याच्या खुणा पाठ कराव्यात. शस्त्रक्रियेनंतर एका पोटरीला अचानक सूज येऊन ती दुखू लागली, छातीत दुखले, एकाएकी दम लागला, तर व्यायाम थांबवून त्वरित रुग्णालय गाठावे. तोंड वाकडे होणे, हात गळून पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून तेथे एक मिनिटही दवडू नये.

परक्या घरात वावरण्याचे काही संकेत आहेत. पादत्राणे बाहेर काढावीत, हात धुवावेत, रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी काय करणार आहोत ते सांगून अनुमती घ्यावी. उपचाराच्या वेळी घरातील एक व्यक्ती खोलीत किंवा हाकेच्या अंतरावर असावी. अनेक भगिनी पुरुष उपचारकाकडून व्यायाम करून घेण्यास संकोचतात आणि त्यापायी उपचारच टाळतात. आपल्या मुलींनी या क्षेत्रात येण्याचे हे एक मोठे कारण आहे. परंतु त्यांच्या सुरक्षिततेची काळजीही घेतली पाहिजे. नव्या घरी जाण्यापूर्वी दूरध्वनीवर कुटुंबाशी बोलावे, संदर्भ विचारावा, आपण कोठे आहोत हे घरी कळवून ठेवावे आणि मनाला शंका आली तर नकार द्यावा.

घरातील माणसांचा वाटा

उपचारक दिवसातून पाऊण तास येतो. उरलेले सव्वातेवीस तास घरची माणसे असतात. म्हणून घरच्या किमान दोघांना शिकवल्याशिवाय ही सेवा पूर्ण होत नाही. 'दोघांना' असे मी मुद्दाम म्हणते. आपल्याकडे सेवेचा सारा भार एका सुनेवर किंवा एका मुलीवर पडतो. सासूबाई उठून चालू लागतात तोवर हिची कंबर धरलेली असते. तेव्हा मुलालाही बोलवावे, नातवालाही बोलवावे आणि त्यांच्या हातून करवून घ्यावे.

अंथरुणावरील रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर शय्याव्रण होतात. पक्षाघाताच्या रुग्णाला लुळा हात ओढून किंवा काखेत हात घालून उठवू नये, खांद्याचा सांधा निखळण्याची भीती असते. उचलताना स्वतःचे गुडघे वाकवावेत, कंबर वाकवू नये. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना सबळ पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी उतरवावा. या गोष्टी ऐकायला लहान वाटतात, पण त्या ठाऊक नसल्याने बरे होत आलेले रुग्ण पुन्हा पडलेले मी पाहिले आहेत.

पलंगाशेजारी एक साधी वही टांगावी. कोणता व्यायाम किती वेळा झाला, याची खूण रुग्णाने स्वतः करावी. २०२० च्या टाळेबंदीत आम्हाला घरोघरी जाणे अशक्य झाले, तेव्हा व्हिडिओ कॉलवरून व्यायाम घ्यावे लागले. ज्या घरांत वही होती आणि माणसे शिकलेली होती, तेथे काम फारसे अडले नाही. ज्या घरांत 'मॅडम येतील तेव्हाच' अशी सवय होती, तेथे महिनाभरात सांधे आखडले.

निरोपाचे वेळापत्रक

सांधेरोपणाच्या सर्वसाधारण रुग्णासाठी मी असा आराखडा ठेवते. पहिले दोन आठवडे रोज, रविवार सोडून, म्हणजे १२ भेटी. पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड, म्हणजे ६ भेटी. नंतर चार आठवडे आठवड्यातून एकदा, म्हणजे ४ भेटी. एकूण २२ भेटींत बहुतेकांचा व्यायाम त्यांच्या स्वतःच्या हाती जातो. पक्षाघाताला, कंपवाताला किंवा मेंदूच्या विकाराने बाधित बालकाला अधिक काळ लागतो. तेथेही दर महिन्याला ध्येय ठरवावे आणि ते गाठले का, हे प्रामाणिकपणे तपासावे. दोन महिने काहीच बदल नसेल तर तसे कुटुंबाला सांगून डॉक्टरांशी पुन्हा विचारविनिमय करावा. आशा विकणे हा आपला व्यवसाय नव्हे. त्याचप्रमाणे जेथे सुधारणा शक्य नाही, तेथेही सांधे मोकळे ठेवणे, श्वास सुकर करणे, व्रणांपासून जपणे हे मोलाचे काम आहे. त्याला 'आता काही उपयोग नाही' असे म्हणून कोणी सोडून देऊ नये.

तरुण मित्र मला विचारतात, 'रुग्णाला लवकर मोकळे केले तर आपली मिळकत कशी चालणार?' माझे उत्तर असे की, बरी होऊन देवदर्शनाला चालत जाणारी आजी दहा घरांना दिसते. वर्षभर पलंगावरच व्यायाम करणारी आजी कोणालाच दिसत नाही.

ट्रस्टला एक विनंती

शेवटी आपल्या ट्रस्टकडे एक विनंती करते. अनेक संस्था रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात. चाकाची खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची, फाउलर कॉट, एअर बेड अशा वस्तू अनामत रक्कम घेऊन दिल्या जातात. हे फार मोठे काम आहे. मात्र वस्तू दिली म्हणजे ती अंगाशी जुळलीच असे नाही. वॉकरची मूठ कोठे असावी? सरळ उभे राहून हात सैल सोडला असता मनगटाची घडी जेथे येते, तेथे. एका उंच गृहस्थांनी वापरलेला वॉकर त्याच उंचीवर ठेवून ठेंगण्या आजींना दिला, तर खांदे दुखतात, तोल जातो आणि वॉकर कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून असे केंद्र असेल वा नव्याने सुरू होईल, तर प्रत्येक वस्तूबरोबर फिजिओथेरपिस्टची एक भेट जोडून द्यावी. वस्तू जुळवून द्यायची, घर पाहायचे आणि घरच्या दोघांना वापर शिकवायचा, एवढेच त्या भेटीचे काम.

ज्यांना शुल्क झेपत नाही, अशा घरांसाठी ट्रस्टने ठरावीक भेटींचे शुल्क परस्पर उपचारकाला द्यावे. त्यामुळे रुग्णाला याचकासारखे वाटत नाही आणि नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्या आपल्या मुला-मुलींना पहिली काही घरे हक्काने मिळतात. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात याची दहा घरांपासून सुरुवात केली, तरी पुढील वर्षी त्या दहा घरांच्या वह्या समोर ठेवून विश्वस्तांना पुढचा निर्णय घेता येईल. या कामी माझ्या आठवड्यातील दोन भेटी मी ट्रस्टसाठी राखून ठेवीन, असा शब्द आज आपणा सर्वांसमक्ष देते.